ओसरीवरचा उजेड आणि आठ मेगापिक्सेल

मंडळी, सध्या एक नवीनच खूळ आलंय. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे ते खिशात मावणारे डिजिटल कॅमेरे, जे आपण सगळ्यांनी कपाटाच्या वरच्या खणात जुन्या चार्जरांच्या गुंत्यात टाकून दिले होते, ते लोक पुन्हा शोधून विकत घेतायत. पुण्यात आमच्या टीममधल्या एका मुलीने मध्यंतरी असा एक कॅमेरा घेतला, आणि ज्या किमतीला घेतला त्यात बरा नवा फोन आला असता. कारण विचारलं तर म्हणाली, "अरे, सीसीडी सेन्सर आहे. रंग वेगळेच येतात."

आता मी पडलो इंजिनिअर. 'वेगळेच येतात' म्हटलं की आमच्या पोटात दुखतं. तर आज त्याच्यावरच.

आधी पैशाचं बोलतो. विकत घेऊ नका! २०१० साली जगभरातून साधारण १२ कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात गेले. तो कळस होता, त्यानंतर फोनने सगळं खाल्लं. म्हणजे एवढे कॅमेरे कुठे ना कुठे पडून असणारच. मामाच्या घरी, आत्याच्या घरी, लग्नात आहेर म्हणून आलेला, अमेरिकेहून कुणी आणलेला. एक फोन फिरवा, नक्की सापडेल. माझ्याकडचा कॅननचा पॉवरशॉट ए५९० आयएस असाच फुकटात आलेला आहे. २००८ सालचं मॉडेल, आठ मेगापिक्सेल, चारपट झूम, आणि दोन साधे पेन्सिल सेल. विकतच घेणार असाल तर २००२ ते २००४ च्या सुमाराचे कॅमेरे जरा जपून घ्या. त्या काळात सोनीने बनवलेल्या आणि अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत बसलेल्या काही सीसीडी सेन्सरांमध्ये जोडणीचा दोष निघाला होता. उष्णता आणि दमट हवेने तो उघडा पडायचा, चित्र जांभळं व्हायचं नाहीतर यायचंच नाही. २००५ साली कंपन्यांनी तो जाहीर करून दुरुस्त्याही करून दिल्या, पण कपाटात राहिलेला कॅमेरा दुरुस्तीला कोण नेतो?

आता सीसीडी. सीसीडी काय आणि आजच्या फोनमधला सीमॉस काय, दोघंही काम एकच करतात. उजेड पडला की विद्युतभार साठवायचा आणि तो मोजायचा. मोजण्याची पद्धत तेवढी वेगळी. रंग ठरतात ते सेन्सरवरच्या लाल-हिरव्या-निळ्या गाळण्यांवर, आणि त्याहून जास्त, आतलं सॉफ्टवेअर त्या आकड्यांचं पुढे काय करतं त्यावर. उलट माझ्या ए५९०चा सेन्सर जेमतेम पावणेसहा बाय सव्वाचार मिलिमीटरचा आहे, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. आजच्या बऱ्याच मध्यम किमतीच्या फोनचा मुख्य सेन्सर याच्याहून मोठा असतो. त्यामुळे शुद्ध तांत्रिक सामना लावला तर अंधारात, घाईत, हलत्या गाडीतून फोन जिंकतो. त्यात वाद नाही.

मग जुना कॅमेरा कशाला?

माझं उत्तर सेनगावात आहे. आमचं गाव. हिंगोली जिल्ह्यातला तालुका, आणि जिल्हाच मुळात १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला. तिथे (आणि मला वाटतं तुमच्याही गावी) कुठल्याही घरात बैठकीच्या भिंतीकडे बघा. हार घातलेले फोटो असतात. ते कुठून आलेत हे जरा निरखून बघा. एखादा आधार कार्डावरून मोठा केलेला. एखादा कुणाच्यातरी लग्नातल्या घोळक्यातून डोकं कापून काढलेला, मागे निळा पडदा चिकटवलेला, आणि जन्मभर धोतर नेसलेल्या माणसाला कॉम्प्युटरवर कोट-टाय घातलेला. गावाकडच्या म्हाताऱ्या माणसाचा आयुष्यात एकच मोठा फोटो होतो आणि तो त्याने स्वतः कधीच पाहिलेला नसतो.

हे मला पटत नाही. घरात चार-चार फोन, प्रत्येकात हजारो फोटो, आणि आजीचा धड एक नाही. जे आहेत त्यात फोनने तिच्या गालावरच्या सुरकुत्या पुसून मेणासारखं केलंय नाहीतर तिला गोरी केलीय. ब्यूटी मोड बंद केला तरी बरेच फोन थोडी 'मदत' करतातच. चार-पाच फ्रेम एकत्र करतात, सावल्या उजळतात, चेहरा ओळखून त्याच्यावर वेगळा हात फिरवतात. शिवाय आपण फोन हातभर अंतरावर धरतो आणि त्याची मुख्य लेन्स असते रुंद कोनाची. मग नाक मोठं आणि कान गायब. आजी तशी दिसत नाही हो!

जुन्या कॅमेऱ्यात तीन गोष्टी खरोखर आहेत. खरा झूम, खरा फ्लॅश, आणि बटण दाबलं की एकच फ्रेम घेऊन गप्प बसण्याचा स्वभाव. बाकीचं सगळं आपल्याला करावं लागतं, आणि त्यात अवघड असं काहीही नाही. उजेड शोधायचा, कॅमेरा हलू द्यायचा नाही, आणि मोजमापाचा निर्णय त्याच्यावर सोडायचा नाही. मी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढायला लागलो, त्यातून हे जमत गेलं.

सगळ्यात आधी उजेड, कारण ऐंशी टक्के काम तोच करतो. मराठवाड्यातलं जुनं घर आठवा. वर माळवद, जाड भिंती, खिडक्या नावाला. आत दिवसाढवळ्या अंधार आणि उजेड येतो तो एका दारातून. फोटोग्राफर लोक हजारो रुपये देऊन जो सॉफ्टबॉक्स घेतात तो हाच! माणसाला उंबऱ्याच्या आत हातभर अंतरावर बसवायचं, तोंड बाहेर अंगणाकडे. अंगणात ऊन पडलेलं असावं पण माणसावर थेट नको. जमिनीवरून आणि समोरच्या भिंतीवरून उलटून आलेला उजेड चेहऱ्यावर इतका मऊ पडतो की बघत राहावं. आपण बाहेर उभं राहायचं, थोडं बाजूला, म्हणजे आपणच उजेड अडवत नाही. मागचं घर आपोआप काळं होतं आणि कॅलेंडर, फ्रिज, मोबाईलचा चार्जर सगळं गायब. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात मागचं धूसर होत नाही ही तक्रार असते ना? धूसर करायची गरजच उरत नाही. ओसरी असेल तर तिथेही हेच. वेळ थंडीत सकाळी नऊ-साडेनऊची. मे महिन्याच्या दुपारी कॅमेरा पिशवीतून काढूच नका, पारा चाळीसच्या वर असतो आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात.

उन्हातच काढायचा असेल, म्हणजे शेतात वगैरे, तर फ्लॅश मुद्दाम सुरू करा. ऑटोवर ठेवलात तर भर उन्हात कॅमेरा बहुतेक वेळा फ्लॅश मारणार नाही, त्याला वाटतं गरज नाही. पण टोपीखाली किंवा पदराखाली जी सावली असते ती फक्त फ्लॅशनेच निघते. दोन-तीन मीटरपर्यंत हा छोटा फ्लॅश छान पुरतो, त्यापुढे त्याची आशा धरू नये. लग्नाच्या मांडवात मागच्या रांगेतून नवरा-नवरीवर फ्लॅश मारणारे काका आठवतात? पुढच्या माणसाचं टक्कल तेवढं चमकायचं.

दुसरी गोष्ट मोजमाप, आणि इथे बहुतेकांचं बिनसतं. कॅमेऱ्याची एक भाबडी समजूत असते की समोरचं जग सरासरी मध्यम करड्या रंगाचं आहे. आता शेजारचे आबा. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि साठ वर्षं शेतात रापलेला चेहरा. अंगणात उभे केले तर कॅमेरा म्हणतो, बापरे, किती उजेड! आणि सगळं अंधारून टाकतो. टोपी करडी, चेहरा कोळसा. तेच आबा दारात बसवले की मागचा काळोख बघून कॅमेरा म्हणतो, अरेरे, किती अंधार! आणि उजळवतो. चेहरा फिका, टोपी जळून कोरा कागद. जळलेल्या पांढऱ्यातून नंतर काहीही परत आणता येत नाही. म्हणून मोजणी 'स्पॉट'वर ठेवायची, मधला चौकोन गालावर धरायचा, आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एक-तृतीयांश ते उणे दोन-तृतीयांश. उणे का? कारण नुसत्या स्पॉटने कॅमेरा आबांचा गालसुद्धा मध्यम करडा करायला जाईल, आणि आबा त्याहून सावळे आहेत. त्यांना सावळंच येऊ द्या. एक फोटो काढायचा, पडद्यावर हिस्टोग्राम बघायचा, उजव्या भिंतीला ढीग टेकला असेल तर आणखी एक पायरी खाली. बास.

आयएसओ ८० किंवा १००. फार तर २००. चारशेला या पिढीतले कॅमेरे चेहऱ्यावर रांगोळी घालतात. ऑटो आयएसओ बंदच करा, कारण त्याला तुमच्या आजीची काही पडलेली नसते. ॲपर्चर हाताने ठरवता येत असेल तर उगाच ८ वर नेऊ नका. मोठ्या कॅमेऱ्यावर ८ म्हणजे कडक फोटो हे आपण ऐकलेलं असतं, पण इथे एकेक पिक्सेल जेमतेम पावणेदोन मायक्रॉनचा. एफ ८ ला उजेड कडेने इतका पसरतो की एका बिंदूचा ठिपका दहा-अकरा मायक्रॉनचा होतो, म्हणजे सहा पिक्सेल ओलांडून जातो. फोकस अगदी बरोबर असला तरी फोटो मऊ येतो. लेन्स उघडीच ठेवा किंवा चारच्या आसपास राहा.

कमी आयएसओ म्हटलं की शटर हळू होतं, म्हणून तिसरी गोष्ट, हात न हलणं. गंमत बघा, आमच्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. केंद्र सरकारने २०२३ च्या एप्रिलमध्ये त्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले. लेझरच्या उजेडाने तिथे प्रोटॉनच्या आकाराहून हजारो पटींनी लहान हालचाल मोजायची आहे. आपल्याला तर फक्त सेकंदाच्या तिसाव्या भागापुरतं स्थिर राहायचंय. ट्रायपॉड नको. अर्धी भरलेली ज्वारीची पिशवी घ्या, ती खुर्चीच्या पाठीवर किंवा बाजेवर टाका आणि तिच्यात कॅमेरा रुतवा. दोन सेकंदांचा टायमर लावला की बटण दाबताना बसणारा धक्काही जातो. आणि कॅमेऱ्याला डोळा लावून बघायची छोटी खिडकी असेल तर ती वापरा. चेहऱ्याला टेकलेला कॅमेरा कमी हलतो, सेल वाचतात, आणि आणखी एक मोठा फायदा. फोन समोर धरला तर गावाकडचे लोक त्याला फोटो मानतच नाहीत. डोळ्याला कॅमेरा लावला की माणूस फोटोला बसतो.

आमच्या आजीचंच घ्या. फोन दाखवला की "कशाला रे लेकरा" म्हणून हात आडवा. कॅमेरा काढला तर म्हणे, "फोटू काढायलास का? थांब, लुगडं बदलून येते." आणि खरंच ठेवणीतलं इरकली नेसून, केस विंचरून आली.

आबांची वेगळीच तऱ्हा. त्यांना हसवायचा मी फार प्रयत्न केला. शेवटी म्हणाले, "हसरा नको काढू. हार घातल्यावर हसायलेलं बरं दिसत नाही." आता यावर काय बोलणार? फोटो कशासाठी आहे हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं, आणि त्यांना त्याचं काही वाटतही नव्हतं.

पण ताठ बसलेल्या माणसाचा फोटो ताठच येतो. त्यावर एक युक्ती आहे. या कॅमेऱ्यांना बटण दाबल्यावर फोटो निघायला वेळ लागतो, पण त्यातला बराचसा वेळ फोकस शोधण्यात जातो. बटण अर्धं दाबून ठेवलं की ते काम आधीच होतं. तर फोकस डोळ्यांवर, बटण अर्धं दाबलेलं, आणि गप्पा चालू. सोयाबीनला काय भाव लागला, पाऊस कसा झाला. बोलून झाल्यावर माणूस एक श्वास सोडतो, तो क्षण. किंवा एक खोटा फोटो काढून "झालं" म्हणायचं आणि लगेच दुसरा काढायचा. झूम मधोमध ठेवून दोन-अडीच मीटर लांब उभं राहिलं की नाक-कान जागच्या जागी येतात आणि माणसालाही अंगावर आल्यासारखं वाटत नाही.

संथपणाची तक्रार करणाऱ्यांनी राजा दीनदयाळ यांचे फोटो एकदा बघावेत. सहाव्या निजामाचे ते दरबारी छायाचित्रकार, १९०५ साली वारले. आमचा भाग तेव्हा त्याच हैदराबाद संस्थानात होता. त्यांच्या काळातल्या काचेच्या प्लेटा आपल्या आयएसओ ८० पेक्षा कितीतरी मंद होत्या. तरी त्या चेहऱ्यांमध्ये काय जीव आहे!

रंगांबद्दल थोडं. ऑटो व्हाइट बॅलन्स घराच्या सावलीत जरा निळा येतो, तिथे 'क्लाउडी' ठेवलं की चेहऱ्याला ऊब येते. खरी कसोटी आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये लागते, हळद काढून, शिजवून वाळत घालतात तेव्हा. (वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तीही हिंगोली जिल्ह्यातलीच बरं का!) फ्रेमभर पिवळं दिसलं की ऑटोला वाटतं बल्बचा उजेड आहे, मग तो निळं ओततो आणि हळदीची माती होते. तिथे सरळ 'डेलाइट' लावायचं आणि कॅमेऱ्याचं काही ऐकायचं नाही. एलईडी ट्यूबखाली मात्र पांढऱ्या कागदावर कस्टम बॅलन्स घ्या. कागद नसेल तर धोतर आहेच :)

हळदीच्या पॉलिशच्या यंत्राजवळ कॅमेरा उघडू नका. बाहेर येणाऱ्या लेन्सच्या नळीत एकदा धूळ गेली की ती करकरते, आणि या कॅमेऱ्यांचं मरण बहुतेक वेळा तिथेच असतं. आणि लेन्स पुसा हो! जुन्या कॅमेऱ्याचे फोटो धुरकट येतात म्हणणाऱ्या दहापैकी निम्म्यांच्या लेन्सवर कुणाच्यातरी अंगठ्याचा ठसा असतो.

सेल चांगले रिचार्जेबल घ्या, दोन हजार एमएएचचे, पडून राहिले तरी न उतरणारे. दुकानातले स्वस्त सेल घड्याळासाठी असतात, कॅमेऱ्यात वीस फोटोंत मान टाकतात. कार्ड ३२ जीबीपर्यंतचं, कारण ६४चं कार्ड या पिढीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना कळतच नाही. ए५९०ला ४ जीबीसुद्धा हजारावर फोटोंना पुरतं. ज्यांना आठवड्याच्या शेवटी काहीतरी उचकटल्याशिवाय चैन पडत नाही (म्हणजे तुम्ही-आम्ही), त्यांच्यासाठी सीएचडीके नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. कॅननच्या बऱ्याच जुन्या मॉडेलांवर ते कार्डावरून चालतं, कॅमेऱ्याचं मूळ फर्मवेअर बदलत नाही, आणि ज्या कॅमेऱ्याला कंपनीने रॉ दिलं नव्हतं त्यालाही रॉ काढायला लावतं. टोपी आणि चेहरा दोन्ही सांभाळायला याचा खूप उपयोग होतो. पण आधी दाराशी बसवायला शिका, मग रॉ.

शेवटचं काम प्रिंटचं, आणि ते केल्याशिवाय हे सगळं फुकट आहे. आठ मेगापिक्सेल म्हणजे ३२६४ बाय २४४८. आठ बाय दहा इंचाच्या प्रिंटला इंचामागे तीनशे ठिपके मिळतात, म्हणजे भिंतीवरच्या फोटोला पुरून उरतात. फाइल स्टुडिओवाल्याला पेनड्राइव्हवर द्या, व्हॉट्सॲपवर पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर ती आक्रसून पोचते. आणि दोन वाक्यं आवर्जून सांगा. गोरं करू नका. मागे पडदा लावू नका. मी हिंगोलीला प्रिंट काढायला गेलो तेव्हा तो पोरगा दोनदा म्हणाला, "सर, जरा ब्राइट करू का? सगळे करून घेतात." नाही म्हणून सांगितलं.

प्रिंटच्या मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि तारीख लिहिली आणि दोन्ही घरी नेऊन दिल्या. आबांनी त्यांची प्रिंट बराच वेळ लांब धरून बघितली, टोपीची शिवण दिसतेय का ते तपासलं, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून पेटीत ठेवून दिली. म्हणाले, वेळ आली की लावा. आजीने मात्र तिची त्याच दिवशी खिळा ठोकून भिंतीवर लावून घेतली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते आणि लुगडं कुठून घेतलं होतं तेही सांगते.